लाल दोरी

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडात, सफोक परगण्यात राहतात. नात येत्या मार्चमध्ये दहा वर्षं पूर्ण करील. गेल्या महिन्यात फोनवर कळलं, की तिचं नाव मोटारबोटींच्या शर्यतीच्या क्लबात घातलं आहे. मी तरुणपणी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारलेला माणूस आहे, पाण्याला भिणारा नाही. पण दहा वर्षांच्या पोरीच्या हाती इंजिनाची बोट? मंडळी तर त्या दिवसापासून धड जेवलेली नाहीत. हा खेळ आहे की वेड? मुलीला काय सांगू? मे महिन्यात आम्ही दोघंही तिकडे जाणार आहोत.
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, खेळ आहे, आणि चांगला खेळ आहे. मुलीला खुशाल होकार कळवा. मात्र त्याआधी तिला दोन गोष्टी विचारा. नातीला पोहता येतं का? आणि ही हौस नातीची आहे की जावयांची? पोहता येत नसेल तर एक वर्ष थांबायला सांगा. हौस जावयांची असेल तर कायमचं थांबायला सांगा.

पॉवरबोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा टीव्हीवरची बोट आली असणार. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमरावतीजवळ तुमच्याच कृष्णेत फॉर्म्युला वन बोटींची जागतिक शर्यत झाली होती. महाबळेश्वराला उगम पावून वाई, सांगली करत गेलेलं तेच पाणी. त्या बोटी ताशी २०० किलोमीटरच्या वर जातात, वळताना चालकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो, आणि चालक बंद कोषात पट्ट्यांनी जखडलेला असतो. तुमच्या नातीची बोट ही नव्हे. शर्यतीचा घोडा आणि जत्रेतलं तट्टू यांत जेवढं अंतर, तेवढं या दोन बोटींत आहे.

युरोपात मुलांच्या गटाला जीटी-१५ म्हणतात. पंधरा हा आकडा इंजिनाच्या अश्वशक्तीचा. आपल्या किनाऱ्यावर छोट्या होड्यांच्या मागे मासेमारीसाठी टांगलेलं इंजिन असतं ना, साधारण त्याच जातीचं. त्यात फेरफार करून वेग वाढवायला बंदी असते, म्हणजे ज्याचा बाप श्रीमंत त्याचं इंजिन जोरदार असा प्रकार राहत नाही. बोट उघडी, एका मुलापुरती. नऊ-दहाव्या वर्षी या गटात प्रवेश मिळतो आणि सोळा-सतरापर्यंत राहता येतं, देशागणिक वर्षभर मागेपुढे. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. स्कूटरवर तेवढ्या वेगाचं आपल्याला काही वाटत नाही, पण पाण्यापासून वीतभर उंचीवर बसलेल्या मुलाला तो दुप्पट भासतो. म्हणून मुलांना पहिल्याच दिवशी शर्यतीत सोडत नाहीत.

शर्यतीच्या आधीची ही शिकवणी मला सगळ्यात आवडते. जर्मनीत मुलांसाठी हवा भरलेल्या रबरी बोटींचा एक खेळ आहे. पाण्यात बोये टाकून नागमोडी वाट आखतात, मूल त्यातून बोट काढतं आणि घड्याळ लावलेलं असतं. बोयाला धक्का लागला की दंडाचे सेकंद वाढतात. पण परीक्षा तेवढ्यावर संपत नाही. गाठी मारून दाखवाव्या लागतात, आणि ‘माणूस पाण्यात पडला’ असं समजून त्याच्यापर्यंत बोट हळू नेऊन त्याला उचलावं लागतं. आंतरराष्ट्रीय पॉवरबोट संघटना १९२२ साली स्थापन झाली. तिनेही आठ ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ‘फॉर्म्युला फ्यूचर’ नावाने याच धर्तीचा उपक्रम चालवला आहे. ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशनची मुलांची रबरी बोटींची स्पर्धा आहे, तीही घड्याळाशी. दुसऱ्या मुलाच्या बोटीशी झुंजायचं ते पुढे. वाचवायला आधी शिका, जिंकायला नंतर, हा क्रम ज्या खेळाने ठरवून घेतलाय त्याला मी वेड म्हणणार नाही.

आता नातीच्या परगण्याविषयी. तिचा क्लब कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सफोक म्हटल्यावर मला आठवतं ते लोस्टॉफ्ट गावाला लागून असलेलं ओल्टन ब्रॉड. ब्रॉड म्हणजे तिकडचं उथळ, पसरट तळं. गंमत अशी, की ही तळी निसर्गाने केलेलीच नाहीत. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी तिथली दलदलीची माती खणून खणून नेली, मग पाणी वर आलं आणि खड्ड्यांची तळी झाली. एरवी या भागात बोटींना वेगाची कडक मर्यादा आहे. माणूस भराभर चालेल किंवा हळू धावेल, तेवढ्याच वेगाने बोट न्यायची. पण ओल्टन ब्रॉडवर उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी खास परवानगीने शर्यती भरतात. तिथला क्लब १९३३ सालचा आहे. तळ्याच्या काठाला निकोलस एव्हरिट पार्क नावाची मोठी बाग आहे, आणि गावातली माणसं खुर्च्या, सतरंज्या, खाऊचे डबे घेऊन तिथे येऊन बसतात. मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तुमची नात त्या क्लबात नसली तरी एक गुरुवार तिकडे काढा, आणि मंडळींना मुद्दाम न्या. सांगलीच्या घाटावर गावोगावच्या होड्या पाहायला लोटणारी गर्दी त्यांनी पाहिली असेल, तर ही बाग त्यांना परकी वाटणार नाही.

प्रश्न (याच पत्रातून) : जावई म्हणतात, हा ‘फॅमिली स्पोर्ट’ आहे. बोटीत तर एकटीच मुलगी असते. मग फॅमिली करते काय?

उत्तर : पुष्कळ करते, आणि तुम्हा दोघांनाही तिथे काम मिळणार आहे.

शर्यतीच्या दिवशी पहाटे बोट गाडीमागच्या ट्रेलरवर चढवायची, बांधायची, तळ्यापर्यंत न्यायची, उतरवायची. इंधन मोजून भरायचं. मग तपासणी. क्लबाचा माणूस बोट, सुकाणूची तार, हेल्मेट, जॅकेट सगळं हाताने चाचपून पाहतो आणि पसंत पडलं नाही तर सरळ परत पाठवतो. आई फेऱ्यांची नोंद ठेवते. थोरलं भावंड जेट्टीवर बोट धरून उभं राहतं. कुणाचे बाबा बचावबोटीवर, कुणाची मावशी निशाणं दाखवायला. लहान क्लबांत पगारी माणसं फारशी नसतात, सगळा कारभार पालकच ओढतात. गणपती मंडळाचा मांडव आठवा. वर्गणीपासून विसर्जनापर्यंत घरचं प्रत्येक माणूस कुठे ना कुठे जुंपलेलं असतं, तसंच हे. क्रिकेटच्या शिबिराला मूल सोडून आईबाप मोबाइल बघत गाडीत बसतात, ते इथे चालत नाही. घर काठावर उभं राहिलं नाही तर मूल पाण्यात उतरूच शकत नाही.

बोटीही अशाच घराघरांतून फिरतात. एका घरातलं मूल वाढून वरच्या गटात गेलं, की त्याची बोट, हेल्मेट, अंगावरचा पोशाख धाकट्याला किंवा दुसऱ्या घराला जातो. नवी कोरी बोट घेऊन सुरुवात करणं मला शहाणपणाचं वाटत नाही. जावयांना सांगा, पहिलं वर्ष क्लबाच्या किंवा जुन्या बोटीवर काढा. नाद टिकला तर पुढचं पाहू. खर्चात सगळ्यांना आधी बोटच दिसते, पण गाडी, ट्रेलर, इंधन, लांबच्या क्लबांपर्यंतचा प्रवास आणि मुक्काम हे दर वर्षी उभं राहतं. हा स्वस्त खेळ नाही, हे आधीच मान्य करून घरात बोलून घेतलेलं बरं.

बोटीच्या मागे टांगायच्या इंजिनाचा धंदाही एका संसारातूनच वाढला. अमेरिकेत विस्कॉन्सिनला ओले एव्हिन्रूड नावाचा नॉर्वेजियन कारागीर होता. त्याची हकीकत अशी सांगतात, की उन्हाळ्याच्या एका दिवशी तळ्याकाठच्या सहलीत बेसला, म्हणजे त्याच्या भावी बायकोला, आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला, आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेलं. होडीला मोटार लावायचं त्याच्या डोक्यात तेव्हा आलं म्हणतात. १९०९ मध्ये कारखाना निघाला. ओले इंजिनं घडवायचा आणि पत्रव्यवहार, जाहिराती, हिशेब बेस सांभाळायची. पुढे मुलगा राल्फ त्याच धंद्यात आला. म्हणून हा खेळ घराचा आहे असं जावई म्हणतात, तेव्हा ते खोटं बोलत नाहीत.

प्रश्न : बोटीला ब्रेक का नसतो?
— इयत्ता सहावीतला एक विद्यार्थी, दापोली

उत्तर : कारण ब्रेकला पकडायला पाण्यात काही नसतं. गाडीचा ब्रेक चाक धरतो, चाक रस्त्याला घासतं आणि गाडी थांबते. बोटीखाली रस्ता नाही. बोट पुढे जाते ती मागचा पंखा पाणी मागे फेकतो म्हणून. इंजिन मंद केलं, की पाणीच बोटीला अडवतं आणि ती हळूहळू बसते. ‘बसते’ हा शब्द बरोबर आहे. वेगात असताना बोट पाण्यावर उचललेली असते, तळ्यात चपटा दगड आडवा फेकला की टप्पे घेत जातो तशी. वेग गेला की ती पुन्हा पाण्यात रुतते.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. छोट्या बोटीत मागचं इंजिनच डावी-उजवीकडे फिरतं आणि पंख्याचा झोत बोटीला वळवतो. झोत बंद झाला तर वळणंही जवळजवळ बंद. समोर काही आलं की घाबरून हात इंजिनावरून काढायचा, ही आपली पहिली ओढ असते. बोटीत तसं केलंस तर थांबायला वेळ लागेल आणि वळताही येणार नाही. म्हणून बोट चालवणाऱ्याला फार आधी बघावं लागतं, आणि थोडा जोर शिल्लक ठेवून वळावं लागतं. तुझ्या गावाजवळच्या बंदरातल्या कुणाही तांडेलाला विचार. जेट्टीला लागताना तो किती लांबून इंजिन कमी करतो ते बघ.

प्रश्न (सांगलीच्याच आजोबांचा) : आणि बोट उलटली तर? खरं सांगा. मंडळींना वाचून दाखवायचं आहे.

उत्तर : खरं सांगतो. मुलांच्या बोटी उलटतात. वळताना कड पाण्यात रुतते, दुसऱ्या बोटीने उठवलेल्या लाटेवर नाळ वर जाते, आणि मूल बाहेर फेकलं जातं. हे घडणार, असं धरूनच सगळी तयारी केलेली असते. उघड्या बोटीत कमरेला पट्टा नसतो, तो याचसाठी. बोट उलटली तर मुलाने बोटीखाली अडकण्यापेक्षा बाहेर पडावं. अंगात मान सावरणारं आणि जांघेतून पट्टे घेतलेलं लाइफ जॅकेट असतं, म्हणजे पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि मूल खाली असं होत नाही. हेल्मेट झगझगीत नारिंगी किंवा तसंच भडक, पाण्यावर लांबून दिसावं म्हणून. अमेरिकेतल्या मुलांच्या गटांत तर हातापायांवर पंख्याने कापलं जाणार नाही असं जाड केव्हलारचं कापड सक्तीचं आहे. बचावबोट पाण्यात तयार उभी असते. ती नसेल तर शर्यत सुरू होत नाही.

पण या सगळ्याहून मोठी म्हणजे एक दोरी. चालकाच्या मांडीला किंवा जॅकेटला अडकवलेली, पीळदार, बहुतेक वेळा लाल. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या बटणात बसवलेलं असतं. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी ओढली जाते, बटण सुटतं आणि इंजिन त्याच क्षणी बंद पडतं. पाण्यात पडलेल्या मुलाला बुडण्याइतकंच, किंबहुना जास्त, भय असतं ते चालू राहिलेल्या पंख्याचं. चालक नसलेली बोट सरळ निघून जात नाही, ती गोल गोल फिरत त्याच जागी परत येते.

५ मे २०१३ ला इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पॅडस्टोजवळच्या खाडीत नेमकं हेच घडलं. शर्यत नव्हती, आईबाप आणि चार मुलं असं कुटुंब सुट्टीत आपल्या स्पीडबोटीतून फिरायला निघालं होतं. बोटीने एकदम तीव्र वळण घेतलं आणि सहाही जण पाण्यात पडले. दोरी बोटीतच होती, पण कुणाच्या अंगाला लावलेली नव्हती. बोट फिरत फिरत त्यांच्यावरच आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, इतरांपैकी दोघांना गंभीर जखमा झाल्या. हे मंडळींना वाचून दाखवावं की नाही, यावर मी बराच विचार केला. दाखवा. कारण शर्यतीच्या क्लबात दोरी लावल्याशिवाय मुलाला इंजिन चालू करता येत नाही, आणि सुट्टीतल्या मजेच्या बोटीत ती बहुतेक वेळा नुसती लोंबत असते. हे एकदा कळलं की कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, ते आपोआप कळतं.

बंद कोषाच्या बोटी पुढच्या वयाच्या. तिथे पट्टे असतात, म्हणून तिथली परीक्षाही वेगळी. चालकाला कोषात बांधून पाण्यात उलटं करतात, आणि त्याने श्वास रोखून पट्टे सोडून बाहेर यायचं. जमलं नाही तर परवाना नाही. हे कोष १९८० च्या दशकातल्या जीवघेण्या अपघातांनंतर आले. या खेळातले बरेच नियम असे कुणाच्या तरी जाण्यातून आलेत, आणि म्हणून ते मोडणाऱ्या पालकाला क्लबाने दारातच अडवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

भीती आणखी एका गोष्टीची बाळगा, आणि तिच्यावर हेल्मेट नाही. बापाचं स्वप्न. ब्रिटनच्या माल्कम कॅम्पबेल यांनी १९३९ मध्ये कॉनिस्टन तळ्यावर पाण्यावरच्या वेगाचा विक्रम केला. त्यांचा मुलगा डोनाल्ड याने पुढे सात वेळा तो विक्रम आपल्या नावावर केला, आणि ४ जानेवारी १९६७ ला त्याच तळ्यावर त्याची ‘ब्लूबर्ड’ बोट ताशी ३०० मैलांच्या पुढच्या वेगात उलटून तो गेला. बापाच्या नावाचं ओझं त्याने आयुष्यभर वाहिलं असं वाटतं. त्याच डोनाल्डला आदर्श मानणारा केन वॉर्बी नावाचा एक ऑस्ट्रेलियन मुलगा होता. त्याने मोठेपणी सिडनीतल्या आपल्या घराच्या परसात लाकडाची बोट बांधली, हवाई दलाने मोडीत काढलेलं जेट इंजिन तिला बसवलं, आणि ८ ऑक्टोबर १९७८ ला ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला. तो अजून कुणी मोडलेला नाही. पुढे त्याचा मुलगा डेव्ह याच्याबरोबर त्याने दुसरी बोट उभारायला घेतली. २०२३ मध्ये केन गेला. बापलेकांच्या या दोन्ही जोड्या मला सारख्याच खऱ्या वाटतात. नात शर्यत हरून काठावर आल्यावर जावई आधी काय विचारतात, ते मे महिन्यात ऐका. “कितवी आलीस?” विचारत असतील तर बाजूला घेऊन बोला. सासऱ्याचा तेवढा अधिकार असतो.

प्रश्न : मुलीला हा खेळ झेपेल का, असं माझ्या सासूबाई विचारतात. आम्ही पुण्यात राहतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठचा. दोघांनाही बोटींचं वेड आहे. गेल्या दिवाळीत कोकणात गेलो होतो. तिथल्या बोटवाल्याने मुलाला मांडीवर घेऊन स्पीडबोटीचं चाक धरायला दिलं, तेव्हापासून तो रोज तेच बोलतो. महाराष्ट्रात हे शिकवतात का?
— एक आई, पुणे

उत्तर : सासूबाईंना सांगा, नॉर्वेच्या मारित स्ट्रोमॉय यांनी डिसेंबर २०१५ मध्ये शारजाला फॉर्म्युला वन बोटींची जागतिक शर्यत जिंकली, पुरुषांबरोबर एकाच शर्यतीत उतरून. ई-वन नावाची विजेवरच्या बोटींची नवी मालिका २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक स्त्री चालक असलीच पाहिजे, असा नियम आहे. आपल्या विराट कोहलीचाही त्यात एका संघात मालकीचा वाटा आहे. बोट चालवायला दंडाच्या ताकदीपेक्षा नजर आणि हिशेब जास्त लागतो. लहान गटांत तर हलकं मूल फायद्यातच असतं.

त्या बोटवाल्याचं मात्र मला अजिबात पटलं नाही. चूक त्याची, पण थोडी तुमचीही. मुलगा मांडीवर, चाक मुलाच्या हातात, आणि दोरी? कुणाच्याही अंगाला नसणार. आठ वर्षांच्या मुलाला बोट शिकवता येते, पण अशी नाही. लाडाने दिलेलं चाक आणि शिकवून दिलेलं चाक यांत फरक आहे, आणि मुलाला तो पहिल्याच दिवशी कळायला हवा.

महाराष्ट्रात मुलांच्या पॉवरबोट शर्यतीची तयार वाट नाही. तसं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली, मुंबईकरांनी कठड्यावर बसून ती पाहिली आणि घरी गेले. त्यातून मुलांसाठी काही उभं राहिलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. मोठे तमाशे होतात, पण तळ्याकाठी शनिवारी सकाळी दहा मुलं, चार जुन्या बोटी आणि एक बचावबोट एवढं जमत नाही. खरं तर खेळ त्या दहा मुलांपासून सुरू होतो.

तरीही पाणी शिकायला वाटा आहेत, आणि माझ्या मते त्याच आधीच्या वाटा. पहिलं पोहणं, तेही फक्त तरणतलावातलं नको. आमच्या पिढीने पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उड्या मारल्या. त्यातलं धाडस सोडून द्या, पण कपड्यांसकट पाण्यात पडल्यावर हातपाय कसे मारायचे, उताणं पडून श्वास कसा सांभाळायचा, हे दोघांना देखरेखीखाली शिकवा. पुढे शिडाची होडी किंवा वल्ही. पुण्यात खडकवासला आहे, नौकानयनाची जुनी परंपरा आहे. शिडाच्या होडीत इंजिन नसतं म्हणून वारा, प्रवाह, लाट हे सगळं मुलाच्या अंगात मुरतं. मुंबईला नातेवाईक असतील तर कुलाब्याला सी कॅडेट कोअर आहे, शाळकरी मुलांना शिस्तीत नौकानयन शिकवणारी जुनी संस्था. गोव्यात केंद्र सरकारची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे. तिथे इंजिनाच्या बोटी चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे रीतसर अभ्यासक्रम होतात, पण ते मोठ्यांसाठी. तुम्ही किंवा मुलांचे बाबा तो अभ्यासक्रम आधी करा. पुढे कधी इथे क्लब निघाला तर बचावबोटीवर उभं राहायला कुणीतरी पालक लागणारच आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पाण्याचंही बोलायला हवं. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत पाव भागापर्यंत इंधन न जळताच पाण्यात जातं. मुलांच्या गटात आता फोर-स्ट्रोक इंजिनं आली आहेत, ती बरीच स्वच्छ आणि कमी आवाजाची आहेत. तरी ज्या धरणाचं पाणी शहर पितं, त्या धरणात इंजिनाच्या शर्यती होऊ नयेत, असंच मी म्हणेन. खडकवासल्याला शीड आणि वल्हं शोभतं. इंजिनासाठी खाडी किंवा समुद्राचा आडोसा शोधावा, आणि तोही प्रवासी बोटींच्या वाटेपासून दूर. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जीव गेले. वेगाच्या बोटीला स्वतंत्र, मोकळं, राखलेलं पाणी लागतं, एवढं तरी आपण त्यातून घ्यावं.

ही प्रश्नोत्तरं वाचणाऱ्या सगळ्यांनाच एक विनंती. सुट्टीत मुलांना घेऊन मालवणला, तारकर्लीला, दिवेआगरला, गोव्याला जाल. स्पीडबोटीत बसण्याआधी बोटवाल्याला विचारा, “दादा, इंजिन बंद करायची दोरी कुठंय?” ती त्याच्या अंगाला अडकवलेली दिसेपर्यंत मुलाला बोटीत चढवू नका. बोटवाला हसला तर दुसरी बोट बघा.